सॉफ्टबॉलच्या हौशी पंचांसाठी इंदूरमध्ये वर्षभराचा सरावगट सुरू करायचा आहे : मार्गदर्शन हवे

नमस्कार मंडळी,

इंदूरमध्ये शालेय, महाविद्यालयीन आणि क्लब पातळीवरच्या सॉफ्टबॉल सामन्यांत हौसेने पंचाचे काम करणारी आम्ही थोडी मंडळी आहोत. आमच्यात काही क्रीडाशिक्षक आहेत, पूर्वी विद्यापीठाच्या संघातून खेळलेल्या आणि आता नोकरी-संसारात असलेल्या आम्ही काही जणी आहोत, आणि नुकतीच शाळा संपवून आलेली मुलेमुलीही आहेत. स्पर्धा जाहीर झाली की बोलावणे येते, सामने आटोपले की ज्याची त्याची वाट वेगळी होते, आणि पुढच्या स्पर्धेपर्यंत कुणी कुणाला भेटत नाही. या मधल्या रिकाम्या महिन्यांत पंचांचा नियमित सराव आणि अभ्यास सुरू करावा, असे आम्ही ठरवले आहे. तो नेमका कसा रचावा, याविषयी अनुभवी पंचांचे, प्रशिक्षकांचे आणि इतर खेळांतल्या पंचांचेही मार्गदर्शन हवे आहे.

ज्यांचा या खेळाशी संबंध आलेला नाही, त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देते. नाव सॉफ्टबॉल असले तरी चेंडू मऊ नसतो. त्याचा परीघ १२ इंचांचा, म्हणजे बेसबॉलच्या चेंडूपेक्षा मोठा असतो, आणि पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी खेळाडू, तो खांद्याखालून हात फिरवून टाकते. महिलांच्या सामन्यात पिचर आणि होम प्लेट (जिथे बॅटर, म्हणजे फटका मारणारी, उभी राहते) यांच्यात ४३ फुटांचे अंतर असते, तर दोन बेसमध्ये, म्हणजे धावणारीने गाठायच्या चौकोनाच्या कोपऱ्यांमध्ये, ६० फुटांचे. ताशी १०० किलोमीटर वेगाने आलेला चेंडू हे ४३ फूट अर्ध्या सेकंदाच्या आत कापतो. तेवढ्या वेळात कॅचरच्या (प्लेटमागे चेंडू पकडणारीच्या) मागे उभ्या असलेल्या पंचाला तो १७ इंच रुंदीच्या प्लेटवरून गेला की नाही आणि बॅटरच्या काखेपासून गुडघ्याच्या वरच्या कडेपर्यंतच्या पट्ट्यात, म्हणजे स्ट्राइक झोनमध्ये, होता की नाही, हे पाहायचे असते. त्यातच शेवटच्या क्षणी खाली पडणारा ड्रॉप असला, किंवा धावत धावत चेंडू मारणारी डावखुरी बॅटर समोर असली, तर काम आणखी अवघड होते. स्ट्राइक (पट्ट्यातला चेंडू) की बॉल (पट्ट्याबाहेरचा) हा निर्णय चेंडू प्लेटवरून जाताना कुठे होता यावर द्यायचा असतो, कॅचरने तो कुठे पकडला यावर नव्हे. मात्र प्रेक्षकांना ग्लोव्ह कुठे थांबला एवढेच दिसते, आणि बहुतेक आरडाओरडा तिथूनच सुरू होतो.

स्पर्धेच्या आधी एखाद-दुसऱ्या दिवसाचे पंच शिबिर होते, त्याला आम्ही जातो. तिथे खोलीत बसून नियम वाचले जातात, शंका विचारल्या जातात, कधी लेखी परीक्षाही होते. हे सगळे आवश्यक आहे आणि ज्येष्ठ मंडळी ते मनापासून शिकवतात. परंतु पंचाचे काम जितके डोक्याचे तितकेच पायांचे आणि डोळ्यांचे आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. खेळाडू रोज मैदानावर येतात, म्हणून त्यांच्या अंगात खेळ मुरतो. पंचाने मात्र थेट सामन्याच्या दिवशी उभे राहावे आणि अचूक असावे, अशी अपेक्षा असते. हे मला खेळाडूंवरही अन्यायाचे वाटते, कारण एका चुकीच्या जागी उभ्या राहिलेल्या पंचामुळे एखाद्या मुलीची वर्षभराची मेहनत वाया जाऊ शकते.

आमची सर्वांत मोठी अडचण दोन पंचांच्या पद्धतीची आहे. आमच्याकडे बहुतेक सामन्यांना एक पंच प्लेटमागे आणि एक बेसवर असतो. चेंडू बाहेरच्या मैदानात गेला तर बेसवरच्या पंचाने चौकोनाच्या आत धाव घ्यावी, चेंडू आतच राहिला तर आपण बाहेर राहावे, हे तत्त्व आम्हाला पाठ आहे. फोर्स आउटच्या वेळी (पुढच्या बेसकडे धावणे भाग असलेल्या खेळाडूला, चेंडू आधी बेसवर पोहोचवून बाद करताना) थ्रोच्या दिशेला काटकोनात थोडे लांब उभे राहायचे आणि टॅगच्या वेळी (चेंडूने अंगाला स्पर्श करून बाद करताना) धावणाऱ्या खेळाडूच्या मार्गाला काटकोनात, अधिक जवळ जायचे, हेही माहीत आहे. परंतु पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर खेळाडू असताना फटका उजवीकडे गेला की तिसऱ्या बेसचा निर्णय कुणाचा, हे दोघांनी क्षणात आणि न बोलता समजून घ्यावे लागते. असा समन्वय वारंवार एकत्र उभे राहिल्याशिवाय येत नाही.

दुसरी अडचण बेस लवकर सोडण्याची आहे. पिचरच्या हातातून चेंडू सुटेपर्यंत धावणाऱ्या खेळाडूचा पाय बेसला लागलेला असलाच पाहिजे, नाहीतर ती आउट होते आणि तो पिच, म्हणजे टाकलेला चेंडू, धरला जात नाही. क्रिकेटमध्ये चेंडू हातातून सुटण्याआधी क्रीज सोडणाऱ्या नॉन-स्ट्रायकरवरून किती वाद होतात, ते आपण पाहतोच. इथे तो निर्णय पंचाला प्रत्येक पिचला द्यायचा असतो. एका नजरेत पिचरचा हात आणि धावणारीचा पाय दोन्ही येतील अशी जागा कशी शोधावी, आणि त्याचा सराव पूर्ण संघ हाताशी नसताना कसा करावा?

या शहराला चांगल्या पंचांचे वावडे नाही. क्रिकेट पंच नितीन मेनन इंदूरचेच. २०२० साली ते आयसीसीच्या एलिट पॅनेलवर गेले, आणि त्यांचे वडील नरेंद्र मेनन हेही आंतरराष्ट्रीय पंच होते. क्रिकेटमध्ये परीक्षा, श्रेणी, सामन्यांची वाटणी असा पायऱ्यापायऱ्यांचा रस्ता तरुणांना समोर दिसतो. आमच्या खेळात तसा रस्ता दिसावा, म्हणून निदान स्थानिक पातळीवर कुणी कुणाचे काम पाहावे, कशाची नोंद ठेवावी आणि नव्या पंचाला अंतिम सामना कधी द्यावा, याची काही रीत बसवता येईल का? टोकियोत २०२१ मध्ये सॉफ्टबॉल ऑलिम्पिकमध्ये परतला, पॅरिसला वगळला गेला आणि २०२८ च्या लॉस एंजेलिसच्या स्पर्धेत पुन्हा येतो आहे. मुलींची संख्या वाढली, तर पंच कुठून आणायचे, हा प्रश्न लवकरच सगळ्यांना पडेल.

शेवटचा विषय माझ्या सर्वांत जवळचा आहे. अठरा-एकोणीस वर्षांच्या पंच मुली एक-दोन हंगाम येतात आणि मग दिसेनाशा होतात. मागच्या हंगामात एका सामन्यात पालकांनी एका मुलीला इतके टोचून बोलले, की ती पुढच्या सामन्याला आलीच नाही. तिचा निर्णय नियमाला धरून होता. धावणारीला अडथळा झाल्यावर तिने डावा हात आडवा करून मूठ मिटली होती, म्हणजे खेळ चालू राहील आणि अडथळ्याचा विचार नंतर होईल, एवढाच त्याचा अर्थ. गर्दीला वाटले, तिने पाहिलेच नाही. अशा वेळी तिच्या पाठीशी त्याच संध्याकाळी कुणीतरी उभे राहायला हवे होते आणि तशी आमची काहीही व्यवस्था नव्हती. सरावगटाची खरी गरज मला तिथे जाणवते. इतर शहरांत पंच एकमेकांना कसे सांभाळतात, हे कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद, जळगावहून

ताई, नमस्कार. पुष्कळ वर्षे मैदानावर काढल्यामुळे थोडे सांगू शकतो.

आरंभीच मोठी योजना आखू नका. महिन्यातून दोन रविवार, सकाळचे दोन तास, एवढे ठरवा आणि ते मोडू नका. पहिला अर्धा तास एकच प्रसंग घ्या. उदाहरणार्थ, दोनपेक्षा कमी आउट, पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर खेळाडू, आणि आतल्या खेळाडूला सहज झेलता येईल असा उंच फटका. इन्फिल्ड फ्लाय (झेलाची वाट न पाहता बॅटर बाद) कधी पुकारायचा, मोठ्याने कुणी पुकारायचा, झेल सुटला तर धावणाऱ्यांचे काय, हे प्रत्येकाने मैदानात उभे राहून सांगायचे. पुढच्या वेळी तिसरा स्ट्राइक कॅचरच्या हातून सुटल्याचा प्रसंग घ्या. बॅटरला पहिल्या बेसकडे कधी धावता येते, हे पहिला बेस रिकामा आहे का आणि किती आउट झाले आहेत यावर ठरते, आणि नवे पंच तिथे हमखास अडखळतात.

स्ट्राइक झोनसाठी यंत्र लागत नाही. पिचर-कॅचर सराव करत असतात, तेव्हा प्रशिक्षकांची परवानगी घेऊन मुखवटा आणि छातीचे कवच घालून कॅचरच्या मागे उभे राहा. प्लेटच्या दोन्ही बाजूंना काठ्या रोवून काखेच्या आणि गुडघ्याच्या उंचीवर दोऱ्या बांधा, म्हणजे पट्टा डोळ्यांत बसतो; नंतर दोऱ्या काढून टाका. कॅचर आणि बॅटर यांच्यामधल्या फटीतून पाहा, डोके कॅचरच्या डोक्यापेक्षा वर ठेवा आणि चेंडूमागे मान न फिरवता फक्त नजर फिरवा. पहिले काही रविवार निर्णय बोलायचाच नाही. चेंडू ग्लोव्हमध्ये थांबला, मनात निर्णय झाला, एक श्वास गेला, आणि मग हात. घाईत दिलेला बरोबर निर्णयसुद्धा लोकांना पटत नाही, असा माझा अनुभव आहे.

बेस सोडण्याच्या सरावाला पिचर आणि एक धावणारी पुरे, चेंडूही लागत नाही. पिचरने नुसता हात फिरवावा, धावणारीने कधी वेळेवर तर कधी मुद्दाम लवकर निघावे, आणि तुम्ही जागा बदलत बदलत पाहावे. धावणारीच्या फार जवळ गेलात की पिचर नजरेतून सुटते, म्हणून दोन पावले मागे सरकून पाहा. कुणीतरी मोबाइलवर चित्रण करावे आणि लगेच सगळ्यांनी मिळून बघावे.

दोन पंचांचे बोलणे सामन्याआधी झालेच पाहिजे. तिसरा बेस कुणाचा, झेल कुणी पाहायचा, अर्धवट फिरवलेल्या बॅटबद्दल विचारले तर खूण काय, हे पाच मिनिटांत ठरते. सामन्यानंतर बोलताना आधी त्या पंचालाच विचारायचे की त्याला काय दिसले; ज्येष्ठांनी त्यानंतर बोलायचे, आणि प्रशिक्षकांसमोर तर मुळीच बोलायचे नाही.

पालकांशी पंचाने वाद घालू नये. प्लेटजवळच्या बैठकीतच दोन्ही प्रशिक्षकांना सांगून ठेवा, की आउट-सेफ आणि बॉल-स्ट्राइक या निर्णयांवर हरकत घेता येत नाही. नियम चुकीचा लावला असे वाटले, तर पुढचा पिच पडण्याआधी रीतसर हरकत घ्यावी. प्रेक्षकांना आवरणे हे आयोजकांचे काम आहे, आणि ते त्यांच्याकडून लेखी मान्य करून घ्या.

प्रतिसाद, वडोदऱ्याहून

ताई, मुलींविषयी माझे थोडे. आम्ही नव्या मुलीला पहिल्या हंगामात एकटीला कधीच पाठवत नाही. सोबत अनुभवी बाई असते, आणि जाण्यायेण्याचेही दोघींचे एकत्रच ठरते. छातीचे कवच आणि पायांची कवचे पुरुषांच्या मापाची असली की मुली दुखापतीच्या भीतीने प्लेटमागे उभ्या राहायला नाही म्हणतात आणि कायम बेसवरच राहतात. गटाच्या वर्गणीतून लहान मापाचा एक संच घ्या. मानधन कमी असले तरी त्याच दिवशी हातात पडेल, एवढे आयोजकांशी आधी बोलून ठेवा. आणि जी मुलगी यायची थांबली आहे, तिच्या घरी एकदा जाऊन या. फोन करू नका, प्रत्यक्ष जा.

धागाकर्तीचे उत्तर

दादा, ताई, दोघांचे मनापासून आभार. दोऱ्या बांधण्याची आणि चेंडूशिवाय सराव करण्याची कल्पना आमच्यापैकी कुणालाही सुचली नव्हती. एका शाळेच्या क्रीडाशिक्षकांनी रविवारी सकाळी मैदान द्यायचे कबूल केले आहे. पावसाळ्यात आमच्या माळव्याच्या काळ्या मातीत पाऊल टाकता येत नाही, त्यामुळे ते महिने शाळेच्या सभागृहात प्रसंगांचा अभ्यास करू. त्या मुलीच्या घरी मी आणि आमच्यातल्या आणखी एक जणी येत्या शनिवारी जाणार आहोत.

एक शंका उरली आहे. कधी कधी दुसरा पंच ऐनवेळी येत नाही आणि सामना एकट्यानेच चालवावा लागतो. अशा वेळी जागा कोणती घ्यावी?

जळगावहून पुन्हा

सुरुवात प्लेटमागूनच करायची, ताई. फटका बसला की मुखवटा डाव्या हाताने काढून चौकोनाच्या दिशेने पुढे यायचे, आणि जिथे निर्णय होणार त्या बेसकडे जितका चांगला कोन मिळेल तितका मिळवायचा. सगळे दिसणार नाही, हे आधीच दोन्ही प्रशिक्षकांना स्पष्ट सांगा. बेस लवकर सोडणे एकट्या पंचाला प्लेटमागून फार थोडे दिसते. जे स्पष्ट दिसले तेवढेच पुकारा, अंदाजाने काहीही देऊ नका. पहिल्या रविवारचे चित्रण झाले की इथे टाका, मी पाहून लिहितो.