मदत हवी आहे: 'डिव्हाइन नाइन'च्या प्लाझात नऊ खांब मांडू कसे?

मंडळी, लँडस्केपवाल्यांनी जरा डोकं चालवा. मी अमेरिकेत मास्टर्स करतोय, स्टुडिओत प्रोजेक्ट आलंय कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या जुन्या फ्रॅटर्निटी-सोरोरिटींच्या (म्हणजे मुलांच्या आणि मुलींच्या ग्रीक अक्षरांच्या नावाच्या संघटना) सन्मानार्थ कॅम्पसवर प्लाझा करायचं. नऊ संघटना आहेत, त्यांनाच 'डिव्हाइन नाइन' म्हणतात, पहिली अल्फा फाय अल्फा १९०६ ला कॉर्नेल विद्यापीठात, शेवटची आयोटा फाय थीटा १९६३ ला मॉर्गन स्टेटमध्ये, आणि नऊपैकी पाच एकट्या हॉवर्ड विद्यापीठात निघाल्यात.

मी वर्षाप्रमाणे उंची वाढत जाणारे नऊ खांब रांगेत काढले तर रिव्ह्यूला एक मुलगी म्हणाली, म्हणजे सगळ्यात थोरले तेच सगळ्यात बुटके का? उलटं केलं तर आयोटावाले चिडणार. म्हणून आता गोल, सगळे सारखे.

पण रंगांचा घोळ आहे. कापा अल्फा साय आणि डेल्टा सिग्मा थीटा दोघांचा किरमिजी-क्रीम, फाय बीटा सिग्मा आणि झीटा फाय बीटा दोघांचा निळा-पांढरा, वर सिग्मा गामा ऱ्हो निळा-सोनेरी, लांबून काय डोंबल कळणार. त्यात इथलं ऊन असं की निळ्याचा राखाडी व्हायला वेळ लागत नाही.

दुसरं म्हणजे जमीन. पाणी मुरावं म्हणून मधे बारीक खडी दाखवली होती, पण तिथेच पोरं स्टेपिंग करणार, म्हणजे बूट आपटून आणि टाळ्यांनी ताल धरतात, बराचसा आवाज पायातनं निघतो. खडीवर खर्रखर्र होईल नुसतं, ढोलावर उशी ठेवून वाजवा म्हटल्यासारखं.

आणि बाकं! जुन्या कॅम्पसांवर प्रत्येक संघटनेचा आपापला प्लॉट असतो, त्यावर बाहेरचे सहसा बसत नाहीत. मला कुठे माहीत, एका कॅम्पसवर मापं घेताना टेप गुंडाळायला गुलाबी-हिरव्या (अल्फा कापा अल्फा सोरोरिटीच्या) बाकावर टेकलो, तर एक आजीबाई लांबून हसत आल्या, बाळा हे आमचं बाक आहे म्हणाल्या, आणि स्वतः बसून १९०८ पासूनचा इतिहास ऐकवला. मी आपला उभ्यानेच.

तर सांगा, रंग टिकायला रंगीत ग्रॅनाइट की पावडर कोटिंग (धातूवर भुकटीचा रंग भाजून चढवतात ते)? आवाजही यावा आणि पाणीही मुरावं असं काँक्रीट कुणी वापरलंय का? आणि बाकं प्रत्येकाला वेगळी द्यावी की सगळ्यांत मिळून एक गोल कट्टा? मला कट्टा आवडतो, पण त्या आजीबाई आठवल्या की हात थांबतो. गुरुवारी सबमिशन आहे.