डूम इटर्नल: गोळ्या सारख्या का संपतात?

निशाचर
२०१६चा डूम, बंदुकीने राक्षस मारायचा गेम, मनापासून आवडला म्हणून सेलमध्ये त्याचा पुढचा भाग इटर्नल घेतला. पण सुरुवातीला शॉटगनची १६च काडतुसं? चार इम्प (छोटे राक्षस) आले की खडखडाट. आधीच्या गेममध्ये एका शॉटगनवर लेव्हलच्या लेव्हल काढायचो. हा गेम मुद्दाम कंजूष केलाय का? त्यानंतरच्या डार्क एजेसमध्येही असंच आहे?

बीएफजीकाका
मुद्दामच केलाय. इटर्नल एका बंदुकीवर संसार करू देत नाही. चेनसॉ, म्हणजे करवत, काढ. २०१६मध्ये तिचं इंधन शोधत हिंडावं लागायचं, म्हणून सगळे ती जपून ठेवायचे. इथे टाकीतला पहिला खण आपोआप भरतो. झॉम्बी कापला की काडतुसं बाहेर. चिलखत हवं तर आधी राक्षसाला फ्लेम बेल्चने (आग ओकणाऱ्या यंत्राने) पेटव, मग मार. हेल्थ ग्लोरी किलमधून, म्हणजे अर्धमेल्या राक्षसाला जवळ जाऊन संपवलं की.

आणि नेम कुठे धरतोस तेही बघ. काकोडीमन या उडत्या राक्षसाने तोंड उघडलं की आत स्टिकी बॉम्ब टाक, तो लगेच गपगार होतो. अरॅक्नोट्रॉन या कोळ्यासारख्या राक्षसाची पाठीवरची तोफ आधी उडव.

आम्ही १९९३चा डूम माउसला हात न लावता खेळलो. बंदूक वरखाली होतच नव्हती. कट्ट्यावरचा इम्प डावी-उजवीकडून समोर आणला की गोळी आपसूक वर जायची. उडी नाही, रीलोड नाही. पण गोळ्या, औषधं, चिलखत सगळं जमिनीवर पडलेलं, त्यामुळे ज्याला नकाशा पाठ तो राजा. इटर्नलने तेच सामान राक्षसांच्या पोटात भरलंय. जीव जायला आला की आपण मागे पळायचो, इथे गर्दीत घुसावं लागतं. मला विचारशील तर सगळ्या मालिकेतला मोठा बदल हाच. डबल जंप, डॅश (झटक्यात सरकणं) वगैरे त्यामागून आलेलं.

टॉर्चवाला
काका, डूम ३ विसरलात! टॉर्च धरली की बंदूक खाली. २०१२च्या बीएफजी एडिशनमध्ये टॉर्च चिलखतावर बसवली आणि निम्मी भीती गेली.

बीएफजीकाका
विसरलो नाही, टाळला. चांगला भयपट आहे तो.

सौ_शॉटगन
काकांचं पटतं, पण मग इटर्नलमधला मॅरॉडर हा ढालवाला राक्षस कशाला? इतका वेळ पळायला शिकवलं आणि हा म्हणतो, बेताच्या अंतरावर उभी राहा, डोळे हिरवे झाले की मार. मला तो दुसऱ्याच गेममधून आल्यासारखा वाटतो.
@निशाचर, डार्क एजेस (२०२५) जड आहे. डबल जंप नाही, डॅश नाही, हातात ढाल. हिरवे गोळे ढालीने परतवायचे, गोळ्या हातघाईतून मिळतात. पॅरीला (वार परतवायला) किती वेळ मिळावा ते सेटिंगमध्ये वाढवता येतं. मी वाढवलाय, लाज नाही.

निशाचर
चेनसॉ मँक्युबस या जाड्या राक्षसावर चालवत होतो, म्हणून इंधन उरत नव्हतं बहुतेक.

बीएफजीकाका
मोठ्यांना जास्त खण लागतात. चिल्लर झॉम्बीच काप. आणि सगळे एकदम साफ करू नकोस, एखादा शिल्लक ठेव. गोळ्या संपल्या की तोच कामाला येतो.