अनुभव धागा : देवाला अवघड प्रश्न कसे विचारता?

चांगल्या माणसाला दुःख का, प्रार्थना ऐकली का जात नाही, असे प्रश्न घेऊन बायबल वाचणाऱ्यांनी, गट चालवणाऱ्यांनी लिहावं. कोणता उतारा, किती वेळ, कुठे बिनसतं ते सांगा. साक्ष नको, कृती हवी.

मडगाव : सुरुवात ईयोबाने (बायबलातलं निरपराध माणसाच्या दुःखाचं पुस्तक) करू नका, ४२ अध्याय आहेत, गट गळतो. बायबलातल्या प्रार्थनागीतांपैकी, म्हणजे स्तोत्रांपैकी, स्तोत्र १३ घ्या. वचनं सहाच, पहिल्या दोनांत ‘कोठवर’ चारदा. मग ८८. तेराव्यात शेवटी भरवसा येतो, अठ्ठ्याऐंशी अंधारातच संपतं. ते वाचून झालं की कुणीतरी घाईने दिलाशाचं तेविसावं म्हणायला लागतं, थांबवा. एक व्यवहाराची गोष्ट: लॅटिन क्रमांकाच्या जुन्या कॅथलिक बायबलात १३ वं म्हणजे १२ वं, ८८ वं म्हणजे ८७ वं. आकड्यासोबत पहिली ओळही सांगा, नाहीतर अर्धा गट भलत्याच पानावर.

फोंडा : ईयोब घ्यायचाच तर १ ते ३, मग ८, मग ३८ ते ४२. आठवा गाळू नका. तुझ्या मुलांनी पाप केलं असेल म्हणून ती गेली, असं ईयोबाचा मित्र बिल्दद तिथे सुचवतो. मयताच्या घरी असं बोलणारे आपल्याकडेही कमी नाहीत! आणि ४२:७ दोनदा वाचा: देव रागावतो तो देवाचीच बाजू घेणाऱ्या मित्रांवर, भांडणाऱ्या ईयोबावर नाही. पहिल्या दोन अध्यायांत स्वर्गात काय ठरलं (सैतानाला ईयोबाची परीक्षा घेऊ द्यायची) ते ईयोबाला शेवटपर्यंत कळत नाही. हे आधी सांगितलं नाही तर ३८ व्यात सगळे उत्तर शोधत बसतात, आणि देव तर उलट प्रश्नच विचारत असतो.

डिचोली : ही प्रश्न विचारायची रीत आपल्याला परकी नाही. इंग्रज जेझुइट फादर स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ (१६१६, राचोल) मराठी ओवीत आहे, आणि सुरू होतं ते इगर्जीत (चर्चमध्ये) पाद्रीला प्रश्न करणाऱ्या ब्राह्मणापासून. पुराणात श्रोत्याने विचारल्याशिवाय कथा पुढे सरकतच नाही.

म्हापसा : “शंका म्हणजे पाप” असं कुणी म्हणालं तर कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षणग्रंथाचा परिच्छेद २०८८ उघडा. जाणूनबुजून सत्य नाकारणं वेगळं, आक्षेप सुटत नाहीत म्हणून अडखळणं वेगळं, हा फरक तिथे केलेला आहे. सोबत मार्क ९:२४, ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा’ म्हणणारा बाप.

वास्को : आठपेक्षा जास्त माणसं नकोत, दीड तास पुरे. प्रश्न चिठ्ठीवर, नाव न घालता. चिठ्ठ्यांचे तीन ढीग करा: मजकुराचे, शिकवणुकीचे, दुःखाचे. आदाम-एवेचा मुलगा काइन, त्याची बायको कुठून आली हा पहिल्या ढिगातला, दहा मिनिटांत उरकतो. तिसऱ्या ढिगाला उत्तर देऊ नका, स्तोत्र वाचा आणि गप्प बसा. गटप्रमुखाने सर्वांत शेवटी बोलावं. तो आधी बोलला की बाकीचे माना डोलावतात आणि चिठ्ठ्या पुढच्या वेळी कोऱ्या येतात.

मडगाव : वास्को, ताजं दुःख असेल तर ती चिठ्ठी गटात वाचूच नये. छोट्या गावात अक्षर ओळखतात.