मागचे ड्रम काढून डिस्क बसवू का? चोर्ला घाटाच्या उतारावर घाम फुटल्यापासून डोक्यात घोळतंय

मये तळ्याकाठी
गाडी २०१३ ची हॅचबॅक, एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही. पुढे डिस्क, मागे ड्रम. चवथीचा बाजार करून बेळगावहून परतत होतो. आत पाच जण, डिकीत माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांचं) सामान सोडून सगळं. चोर्ला उतरताना केरीच्या अलीकडे पेडल मऊ पडायला लागलं, जळका वास सुटला आणि एका वळणावर पाय जवळजवळ तळाला टेकला. कडेला घेऊन अर्धा तास थांबलो, मग परत ठीक. तेव्हापासून बायको या गाडीतून घाटात यायला तयार नाही. म्हापशातला एक गॅरेजवाला म्हणतो, वरच्या मॉडेलचे वापरलेले हब, डिस्क आणि तिला दाबून धरणारे कॅलिपर आणून बसवून देतो, ३२ हजार. करू का?

खाणीवरचा ड्रायव्हर
कितव्या गियरात उतरत होता?

मये तळ्याकाठी
चौथ्या. अधूनमधून तिसऱ्या.

खाणीवरचा ड्रायव्हर
मग डिस्क मागे काय, छपरावर बसवली तरी हेच होणार! मी १८ वर्षं खनिजाचा ट्रक चालवला. सगळ्या चाकांना ड्रम आणि वर लोड. उतार लागायच्या आधी गियर खाली, मग ब्रेकला नुसता हात लावल्यासारखा पाय. ज्या गियरात चढतोस त्याच गियरात उतर, एवढंच आम्हाला शिकवलं होतं.

आल्तिनोचा चढ
वर्णनातच उत्तर आहे. ड्रममधले लायनर किंवा डिस्कवर घासणारे पॅड तापून धरेनासे होतात तेव्हा पेडल कडकच राहतं, फक्त गाडी थांबत नाही. तुमचं पेडल खाली गेलं आणि गार झाल्यावर परत आलं, म्हणजे ब्रेक ऑइल उकळून आत वाफ झाली. हे ऑइल हवेतली ओल शोषतं आणि आपल्याकडच्या हवेत ओलीची कमतरता नाही. ताज्या डॉट ३ प्रतीच्या ऑइलचा उकळबिंदू किमान २०५ अंश, ओल धरलेल्याचा १४० च्या आसपास. शेवटचं कधी बदललं?

उष्णतेचा हिशेब करा. गाडी-माणसं मिळून १२०० किलो, उतरायची उंची समजा ६०० मीटर. इंजिनाने काहीच धरलं नाही तर ब्रेकमध्ये जाणारी उष्णता साधारण २२ लिटर पाण्याला उकळी आणेल एवढी. यातला मोठा वाटा पुढच्या चाकांवर. उभ्या गाडीचं वजन पुढे ६०, मागे ४० टक्के धरलं, तर जोरात ब्रेक मारल्यावर आणखी १८ टक्के पुढे सरकतं. मागे उरतं २२ टक्के. तेवढ्यासाठी ३२ हजार?

शिवोली बायपास
हा हिशेब एकटा ड्रायव्हर धरून झाला. मागे तीन माणसं आणि डिकी भरलेली असेल तर मागचं चाक बरंच काम करतं. आणि घाट सोडा, पावसाळ्याचं बोला. पाण्यातून गाडी काढल्यावर ड्रम पहिले दोन-तीन ब्रेक धरतच नाही. आत गेलेलं पाणी आणि लाल माती तिथेच घोटत बसते. डिस्क दोन फेऱ्यांत पाणी झटकून टाकते. पॅड किती उरलेत ते चाकाच्या फटीतून दिसतं, ड्रम मात्र उघडल्याशिवाय काही कळत नाही. मी २०२१ मध्ये मागे डिस्क केल्या, आजवर पश्चात्ताप नाही.

आल्तिनोचा चढ
पुढच्या-मागच्या ब्रेकचा दाब वाटणारा व्हॉल्व बदललात?

शिवोली बायपास
नाही. गरज वाटली नाही.

आल्तिनोचा चढ
माझी भीती हीच. कंपनीने मागच्या ओळीतला दाब ड्रमच्या हिशेबाने ठरवलेला असतो. पुढची चाकं आधी लॉक झाली तर गाडी सरळ घसरते. मागची आधी झाली तर शेपूट पुढे येतं, तेही जूनच्या पहिल्या पावसात, रस्त्यावर तेल-माती असताना, आणि एबीएस नाही. शिवाय कॅलिपरचा पिस्टन मोठा असेल तर ऑइल जास्त लागतं, पेडलने ऑइल ढकलणारा जुना मास्टर सिलिंडर कमी पडून पेडल लांब जातं. ड्रममधला एक लायनर चाकाबरोबर ओढला जाऊन आपणच घट्ट बसतो, हा फुकटचा जोर डिस्कला नसतो. हँडब्रेकची यंत्रणा असलेले कॅलिपर घेतले नाहीत तर पणजीतल्या आल्तिनोच्या चढावर गाडी उभी करून दाखवा.

शिवोली बायपास
तीन वर्षं चालवतोय, शेपूट अजून मागेच आहे.

चोडणची फेरी
रोज रायबंदरला फेरीबोटीने जातो. भरतीला धक्क्याच्या उतारावर चाकं खाऱ्या पाण्यात बुडतात. पुढच्या डिस्कवर सकाळी तांबूस थर असतो, पहिल्या ब्रेकला खरर्र करून निघतो. मागच्यांवर आधीच जोर कमी, तिथला गंज नीट निघेल का? फोक्सवॅगनने आयडी ३ या इलेक्ट्रिक गाडीला मागे मुद्दाम ड्रम दिले. मोटरच गाडी बरीच आवरते, ब्रेक कमी वापरला जातो आणि बंद ड्रम सहज गंजत नाही. मागासलेपणा म्हणून नव्हे.

ड्रमचीही खोड आहे, खोटं कशाला बोलू? पावसात चार दिवस हँडब्रेक लावून ठेवली तर लायनर चिकटतो आणि निघताना खाडकन सुटतो. मी गियरात ठेवतो आणि चाकामागे धोंडा.

पेडण्याचा पाहुणा
विम्याचं कोणी बोललंच नाही. मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या फेरफारांबद्दलचं कलम ५२ बघा. उद्या अपघात झाला आणि सर्व्हेअरने मागे भंगारातला कॅलिपर बघितला तर?

शिवोली बायपास
आरसीवर ब्रेकचा प्रकार कुठे लिहिलेला असतो? कलमात आरसीवरचा तपशील बदलण्याची गोष्ट आहे.

पेडण्याचा पाहुणा
वाद कोर्टात घालण्यापेक्षा आधी विमा कंपनीकडून लेखी घेतलेलं बरं.

मये तळ्याकाठी
काल चारही चाकं उघडली. ब्रेक ऑइल कोऱ्या चहासारखं काळं, गाडी घेतल्यापासून सहा वर्षांत बदललेलंच नव्हतं. पुढचे पॅड संपत आलेले. आणि मागच्या डाव्या चाकाचा सिलिंडर गळत होता, लायनर तेलाने माखलेला, म्हणजे ते चाक ब्रेक लावतच नव्हतं. सिलिंडर, लायनर, पॅड, डॉट ४ ऑइल, एअर काढणं, सगळं मिळून ५,४०० झाले. आज अनमोड घाट दुसऱ्या-तिसऱ्या गियरात उतरलो, पेडल दगडासारखं. डिस्कचा विचार तूर्त बाजूला. देव बरें करूं सगळ्यांचं. बायको मात्र अजून कदंबाच्या बसनेच जाणार म्हणते.

शिवोली बायपास
म्हणजे गळका सिलिंडर ड्रमचाच निघाला ना? आणि ड्रम उघडेपर्यंत कोणाला दिसला नाही. मी दुसरं काय सांगत होतो!