शब्दचर्चा: डून एंगस – किल्ला, गढी की गडगा?

पायवाट: दिवाळी अंकासाठी आयर्लंडवर लिहितेय. अरन बेटांपैकी इनिश मोरवर डून एंगस ही प्राचीन दगडी तटबंदी आहे. एकात एक अर्धगोल दगडी तट, समुद्राकडे मात्र तटच नाही, थेट उभा कडा. बाहेरच्या अंगाला चुनखडीचे अणकुचीदार दगड जमिनीत उभे रोवलेत, इतके दाट की पाऊल तिरकं टाकावं लागतं. याला फ्रेंच नाव 'शव्हो द फ्रीज', म्हणजे फ्रीजलंड या डच प्रांताचे घोडे. मराठीत काय म्हणू?

खडूस: गोखरू.

पायवाट: गोखरू लोखंडी, वाटेवर विखरून टाकायचे. हे हलत नाहीत हो.

शुद्धमती: आधी 'किल्ला' काढा, तो अरबी. दुर्ग म्हणा. डून म्हणजे आयरिशमध्ये गड, तो आणि दुर्ग मूळचे एकच असणार.

खडूस: छे! दुर्ग म्हणजे जायला अवघड, दुर् + गम्. डूनचं नातं इंग्रजी टाउनशी आणि जर्मन त्साउनशी. त्साउन म्हणजे कुंपण. आणि अरबी चालत नसेल तर बुरूजही पाडा.

मालवणकर: कुंपणच ना? मग चुना-माती न घालता नुसते दगड रचले की तो आमचा गडगा. त्या बेटावर शेताशेताला गडगेच आहेत. हा त्यातला थोरला.

शुद्धमती: इ.स.पू. 1100च्या सुमाराची जागा, आणि गडगा? ढोरं अडवायची आहेत का?

मालवणकर: ढोरंही आत घेत असतील. वय बघून शब्द द्यायचा का?

गोदाकाठ: गढी म्हणा. पण थांबा, आयरिशमध्ये मातीचं गोल कुंपण ते राथ आणि दगडी ते कॅहर. आमच्या मराठवाड्यातली गढी पांढऱ्या मातीची, म्हणजे ती राथला शोभेल. कॅहर (मूळ काहिर) आजच्या आयरिशमध्ये शहरालाही म्हणतात, आपल्या गावांच्या नावातल्या 'कोट'सारखं.

पायवाट: जवळच 'सात चर्चेस' म्हणून जागा आहे. चर्चेस दोनच, बाकी राहती घरं. आयरिश शब्द 'टॅम्पल', लॅटिन टेंप्लमवरून आलेला. 'सात देवळं' लिहू?

शुद्धमती: देवळं नको, वाचक घंटा शोधेल.

मालवणकर: गोव्यात इगर्ज म्हणतात.

खडूस: तो पोर्तुगीज. शुद्धमती, चालेल?

गोदाकाठ: गढीवरून आठवलं, आमच्या गावच्या गढीची निम्मी माती लोकांनी घरांच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छपरावर, टाकायला नेली. पाणी गळत नाही म्हणे.