एम्परर विंचवाच्या पाठीवर फ्लॅशचे पांढरे चट्टे, यूव्हीत सगळं जांभळं: चुकतंय कुठे?

धरमपेठी
नमस्कार मंडळी. घरी साधारण १३ सेंटिमीटरचा एम्परर विंचू आणि दोन जम्पिंग स्पायडर आहेत. सामान: कॅनन २००डी, १०० मिमी एफ/२.८ मॅक्रो, रेनॉक्स डीसीआर-२५० (लेन्सपुढे लावायचं जादा भिंग) आणि एक साधा मॅन्युअल फ्लॅश. टाकीच्या काचेतूनच फोटो काढतो.
फ्लॅशवर टिश्यू पेपर लावला तरी पाठीवर पांढरे चट्टे येतात आणि बाकीचा विंचू नुसता काळा गोळा. एफ/२२ वर नेलं (लेन्सचं छिद्र बारीक केलं) की फोकस वाढतो, पण सगळं मऊ पडतं. यूव्ही (अतिनील) टॉर्चखाली डोळ्यांना विंचू हिरवा दिसतो, फोटोत मात्र सगळं जांभळं आणि वर निळे ठिपके. काहून होत असेल?

झिरोमाइल
टिश्यू फ्लॅशच्या तोंडाला चिकटवून प्रकाश मऊ होत नाही, फक्त कमी होतो. एम्पररची पाठ म्हणजे तेलाचा हात फिरवलेला तवा समजा. तिच्यावर जे पांढरं दिसतं ते तुमच्या फ्लॅशचं प्रतिबिंब आहे. प्रकाश मऊ करून प्रतिबिंब टाळता येत नाही, ते फक्त मोठं आणि फिकं करता येतं. म्हणून दिवाच मोठा करायचा.
मिक्सर-टीव्हीच्या खोक्यात येतो तो १ मिमीचा पांढरा फोम घ्या. एक थर फ्लॅशपुढे, आणि दुसरा, साधारण २० × २५ सेंटिमीटरचा, लेन्सच्या टोकावरून कमानीसारखा पुढे झुकवलेला. दोन्ही थरांत ४-५ सेंटिमीटर मोकळी जागा हवीच. थर एकमेकांना टेकले की मधोमध तापलेला ठिपका उरतो आणि तोच पाठीवर उमटतो. बटर पेपर चालतो, पण थोडी पिवळट झाक येते. दोन्ही आपल्या नागपुरात बर्डीच्या बाजारात मिळतात.
सुरुवात एम मोडवर १/१६०, आयएसओ २००, एफ/११, फ्लॅश १/१६ अशी करा आणि फक्त फ्लॅशची ताकद वरखाली करा. ताकद जितकी कमी, तितका झोत क्षणिक आणि हालचाल गोठते. काळा विंचू काळाच राहू द्या. तो करडा दिसेपर्यंत उजेड वाढवला की चट्टे जळणारच, मग डिफ्यूझर (प्रकाश मऊ करणारा हा फोम) कितीही चांगला असो.
फ्लॅशवर लिनिअर पोलरायझर आणि लेन्सवर सीपीएल (सर्क्युलर पोलरायझर) असे चमक अडवणारे फिल्टर लावून चमक जवळपास पूर्ण मारता येते, पण उजेड बराच खातो आणि विंचू रबरी खेळण्यासारखा दिसतो. मला नाही आवडत.
जम्पिंग स्पायडरच्या पुढच्या मोठ्या डोळ्यांत डिफ्यूझरचा आकार जसाच्या तसा दिसतो. तिथे कमान उपयोगी पडते, चौकोनी तुकडा खिडकीसारखा दिसतो.

आठपाय
एफ/२२ चं गणित बघा. १:१ वर (वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराएवढी पडते तेव्हा) प्रत्यक्ष अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, दुप्पट आकड्याचं होतं. तुमचा कॅमेरा एफ/२२ दाखवतो, पण प्रकाश एफ/४४ चा असतो. डिफ्रॅक्शनने (बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्याने) बारकावे तिथेच संपतात. (निकॉनच्या मायक्रो लेन्सवर कॅमेरा प्रत्यक्ष आकडा दाखवतो, म्हणून दोन कंपन्यांचे सेटिंग एकमेकांना लावू नका.)
एफ/११ वर १:१ ला फोकसची खोली जेमतेम ०.८ मिमी. पण अख्खा १३ सेंटिमीटरचा विंचू फ्रेममध्ये बसवताना तुम्ही १:६ च्या आसपास असता, तिथे हीच खोली दीड सेंटिमीटर होते. विंचू वरून घेताना स्टॅकिंगची (वेगवेगळ्या फोकसच्या फ्रेम जोडण्याची) गरजच नाही. रेनॉक्सही काढून ठेवा. तो जम्पिंग स्पायडरसाठी, आणि पूर्ण जवळ गेलात तर लेन्सपुढे १० सेंटिमीटरही जागा उरत नाही.
चिमट्याचा किंवा डोळ्यांचा १:१ घ्यायचा असेल तर एफ/५.६ ठेवा, ०.३ मिमीच्या टप्प्याने सरका. १२ मिमी खोलीला ४० फ्रेम लागतात. मध्ये एक पाय हलला की त्या पायाची भुतं दिसतात. तेवढ्या फ्रेम वगळून झेरेन या स्टॅकिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा जोडा.
आणि काचेतून नकोच. काच तिरपी पडली की प्रतिमा दुहेरी होते, आतून ओलावा जमतो तो वेगळाच. एम्पररला दमट हवा लागते, उन्हाळ्यात आपल्याकडे तुम्ही फवारणी करणार, म्हणजे काच धुरकटणारच. फोटोच्या वेळी कूलर बंद. वाऱ्याने फोम हलतो, खालचं टेबलही थरथरतं.

रातकिडा
यूव्हीचं. स्वस्त टॉर्च ३९५ नॅनोमीटरचे असतात, त्यांत जांभळा उजेड भरपूर. ३६५ चा घ्या आणि त्यापुढे झेडडब्ल्यूबी२ काच (दिसणारा उजेड अडवून यूव्ही जाऊ देणारा फिल्टर) लावा. लेन्सवर फिकट पिवळा फिल्टर, व्हाइट बॅलन्स डेलाइट, ऑटो कधीच नाही. खोली पूर्ण अंधारी, ट्रायपॉड, एफ/८, आयएसओ ४००, १ सेकंदापासून सुरुवात करून हिस्टोग्राम (कॅमेऱ्यावरचा उजेडाचा आलेख) बघा. टॉर्च बाजूने मारा. लेन्सच्या काचेवर पडला तर फोटोवर धुकं येतं.
निळे ठिपके म्हणजे बहुतेक धुतलेल्या कापडाचे तंतू. डिटर्जंटमधला चकाकी आणणारा पदार्थ यूव्हीत निळा पेटतो, पांढरा कागदही तसाच. खाली खडबडीत काळा दगड ठेवा. विंचवाला पुसायच्या भानगडीत पडू नका.
यूव्ही शॉटला मिनिटभर, मग टॉर्च बंद. विंचवाला तो उजेड सोसत नाही, सारखा आडोसा शोधतो. कात टाकल्यावर कवच कडक होईपर्यंत तो चमकतही नाही, आणि तेव्हा त्याला हात लावायचाच नसतो. तुमच्या डोळ्यांना यूव्ही अडवणारा चष्मा.

धरमपेठी
खूप आभार. एकच शंका. विंचू शांत बसावा म्हणून १० मिनिटं फ्रीजमध्ये ठेवतात म्हणे. चालेल का?

आठपाय
नाही. बाहेर काढला की अंगावर दव जमतं, फोटोही बिघडतो आणि जनावरालाही त्रास. गुळगुळीत प्लास्टिकचा २०-२५ सेंटिमीटर उंच टब घ्या, त्यात दगड ठेवा, विंचू सोडा आणि वर अंधारा डबा १५ मिनिटं पालथा घाला. हळूच उचला, बराच वेळ जागचा हलत नाही. उभ्या प्लास्टिकवर तो चढत नाही. काचेच्या टाकीत मात्र कोपऱ्यातल्या सिलिकॉनवरून चढतो. हलवायला मऊ टोकाचा ३० सेंटिमीटरचा चिमटा, बोटं नाहीत.

रातकिडा
सुटलाच तर दिवे घालवून तोच टॉर्च फिरवा, भिंतीच्या कडेने शोधा.
एम्परर साईट्सच्या (वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्ट २ मध्ये आहे, सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी केली नसेल तर करून घ्या. आणि बाहेरचा लाल विंचू, बारीक चिमटे, जाड नांगी, मॅक्रोसाठी घरी आणू नका. तो चावला आणि दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार असं झालं तर घरगुती उपाय न करता सरळ मेडिकल किंवा मेयो हे सरकारी रुग्णालय गाठा.