झोपेच्या यादीत ‘झोप’च कुणाला आठवत नाही: मराठी शब्दयाद्या कशा तयार कराव्यात?

ओसरी (प्रश्न)

नमस्कार. तालुक्याच्या गावातील एका वरिष्ठ महाविद्यालयात मी टीवायबीएच्या वर्गाला बोधनिक मानसशास्त्र शिकवते. मिथ्या स्मृतीच्या, म्हणजे न घडलेलेच आठवण्याच्या, प्रकरणासाठी या सत्रात डीआरएम (डीस-रोडिगर-मॅकडरमॉट) पद्धतीचे प्रात्यक्षिक घेतले. जेम्स डीस यांनी १९५९ मध्ये वापरलेली आणि हेन्री रोडिगर व कॅथलीन मॅकडरमॉट यांनी १९९५ मध्ये नव्याने पुढे आणलेली ही पद्धत येथे बहुतेकांना ठाऊक असेल. एकाच शब्दाभोवती फिरणारे पंधरा शब्द वाचून दाखवायचे, तो मधला शब्द मात्र उच्चारायचा नाही, आणि मग आठवेल ते लिहायला सांगायचे. पंधरा शब्दांच्या याद्या असलेल्या त्यांच्या दुसऱ्या प्रयोगात न ऐकलेला शब्द ५५ टक्के वेळा लिहिला गेला होता.

माझ्या वर्गात तो बोटांवर मोजण्याइतक्याच मुलांनी लिहिला. मी मूळ इंग्रजी याद्यांचे मराठी भाषांतर केले होते. झोपेच्या यादीपाशीच पहिली ठेच लागली, कारण इंग्रजीत हलक्या झोपेला जे तीन-चार निरनिराळे शब्द आहेत त्या सगळ्यांना माझ्याकडे ‘डुलकी’ हा एकच शब्द होता. जागा भरून काढण्यासाठी मी ‘पेंग’, ‘ग्लानी’ आणि ‘झोपाळलेला’ हे शब्द घातले. ज्या थोड्या मुलांनी ‘झोप’ लिहिले, त्यांनी ते ‘झोपाळलेला’ ऐकून अर्धवट लिहिले की खरोखरच त्यांना तो शब्द ऐकल्यासारखा वाटला, हे आता सांगता येत नाही. चूक माझीच आहे, पण ती तास संपल्यावर लक्षात आली.

माझे दोन प्रश्न आहेत. मराठीसाठी अशा याद्या नव्याने तयार करायच्या झाल्यास त्याची रीत काय? आणि दुसरा, जरा अवघड प्रश्न: विभागातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे म्हणणे असे की मुलांनी जर्नलमध्ये (प्रात्यक्षिकाच्या वहीत) पुस्तकात दिलेलाच निष्कर्ष लिहावा, नाहीतर बाह्य परीक्षक गुण कापतात. मला ते पटत नाही, परंतु मुलांचे नुकसानही करायचे नाही.

जुनाखडू

मॅडम, पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. तीस वर्षे प्रात्यक्षिकेच घेतली आहेत.

भाषांतरित यादी चालत नाही याचे कारण शब्दांच्या अर्थात नसून त्यांच्या साहचर्यात, म्हणजे एका शब्दावरून दुसरा आठवण्यात, आहे. यादीतील प्रत्येक शब्द ऐकल्यावर मनात तो न उच्चारलेला शब्द उमटला पाहिजे. येथे दिशा महत्त्वाची असते. ‘झोप’ म्हटल्यावर ‘स्वप्न’ आठवणे ही एक गोष्ट, आणि ‘स्वप्न’ म्हटल्यावर ‘झोप’ आठवणे ही दुसरी. रोडिगर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये याद्यांची छाननी केली, तेव्हा मिथ्या स्मृतीचे प्रमाण सर्वांत अधिक या दुसऱ्या, उलट दिशेच्या साहचर्याशीच जुळलेले दिसले. आपण यादी करायला बसतो तेव्हा नेमके उलटे करतो: ‘झोप’ हा शब्द समोर ठेवतो आणि त्यावरून काय सुचते ते लिहीत सुटतो.

इंग्रजीतही सगळ्या याद्या सारख्या चालत नाहीत, हे मुलांना जरूर सांगावे. १९९९ मध्ये ३६ याद्यांची मोजणी प्रसिद्ध झाली. तीत ‘खिडकी’ या अर्थाच्या शब्दाची यादी ६५ टक्क्यांपर्यंत गेली, तर ‘राजा’ची यादी जेमतेम १० टक्क्यांवर थांबली. त्यामुळे सहा याद्यांतील दोन फसल्या तर मुलांवर किंवा स्वतःवर रागावण्याचे कारण नाही.

आता रीत. मिथ्या शब्द, म्हणजे तो न उच्चारायचा मधला शब्द, ठरवा आणि त्याच्या आसपासचे चाळीसेक शब्द गोळा करा. ते दुसऱ्याच विषयांच्या शब्दांत मिसळा, म्हणजे मुलांना सुगावा लागणार नाही. मग ज्यांच्यावर पुढे प्रयोग करायचा नाही अशा दुसऱ्या वर्गाला कागद वाटा आणि प्रत्येक शब्दापुढे मनात येणारा पहिला शब्द लिहायला सांगा. वेळ कमी द्या. विचार करू दिला की मुले निबंधातले शब्द लिहितात. ज्या शब्दांपुढे ‘झोप’ जास्तीत जास्त वेळा आले ते पंधरा शब्द तुमची यादी. दक्षिण फ्लोरिडा विद्यापीठातील नेल्सन आणि सहकाऱ्यांनी सहा हजारांहून अधिक लोकांकडून पाच हजारांवर शब्दांची साहचर्ये याच साध्या प्रश्नाने जमवली आणि ती सर्वांना खुली ठेवली. आपल्याला पाच हजार नकोत. सहा याद्यांपुरते दोनशे-अडीचशे शब्द पुष्कळ झाले आणि ते दोन तासिकांत जमतात.

एक धोका सांगून ठेवतो. ‘खिडकी’ची यादी मी एकदा बसल्या बसल्या केली होती: काच, गज, तावदान, पडदा, कडी, चौकट, बिजागरी, झडप. मुलांनी ‘दार’ लिहिले! कडी, चौकट आणि बिजागरी हे शब्द दाराचेही आहेत, किंबहुना दाराचेच जास्त. म्हणजे मिथ्या स्मृती झाली होती, मी मोजत होतो ती भलतीच. शिवाय शब्द तुमच्या भागातले घ्या. ‘गोधडी’ कुठे चालते, कुठे ‘वाकळ’ म्हणतात. पुण्यात केलेली यादी लातूरला तशीच उचलू नये.

इकार_आधी

जुनाखडू सरांनी यादीचे सांगितले, मी ती सादर करण्याविषयी आणि इतरांना देण्याविषयी लिहिते. मी देवनागरीच्या वाचनावर संशोधन करते, त्यामुळे थोडे लांबण लागेल.

शब्द पडद्यावर दाखवण्यापेक्षा वाचून दाखवावेत, असे माझे मत आहे. देवनागरीत शब्दाची लांबी म्हणजे नेमके काय मोजायचे यावरच एकमत होत नाही: अक्षरे, वर्ण की उच्चारातील अवयव? त्यातच ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या आधी काढतात आणि नंतर उच्चारतात. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ मध्ये हिंदी वाचकांवर केलेल्या अभ्यासात, लिहिण्याचा आणि उच्चारण्याचा क्रम असा उलटा असलेल्या शब्दांच्या वाचनात अडथळा येतो असे दिसले. आपल्या प्रयोगात हा गुंता हवा कशाला? शांत आवाजात, साधारण दीड सेकंदाला एक शब्द या गतीने यादी ध्वनिमुद्रित करा आणि तीच फीत प्रत्येक तुकडीला ऐकवा. वर्गात शिक्षकाने प्रत्यक्ष वाचले की नकळत एखाद्या शब्दावर जोर पडतो.

पुढे प्रतिक्रियाकाळ (उत्तर द्यायला लागणारा वेळ) मोजायचा झाला तर संगणकावर प्रयोग घेण्याच्या सायटूलकिट आणि सायकोपाय या दोन्ही प्रणाली मोफत आहेत. मात्र मुलांना बसवण्याआधी तुमच्याच संगणकावर ‘ग्लानी’, ‘स्वप्न’ असे शब्द उमटवून पाहा. जोडाक्षर फुटून हलन्त दिसू लागले, तर शब्दांची चित्रे करून ती दाखवणे हा जुना पण खात्रीचा उपाय आहे.

याद्या तयार झाल्या की कृपया त्या कपाटात ठेवू नका. ओपन सायन्स फ्रेमवर्क या संशोधन-साहित्य खुले ठेवण्याच्या संकेतस्थळावर फुकट जागा मिळते. तेथे याद्या, साहचर्याची मोजणी आणि सूचनांचा कागद अशा तीन फायली ठेवल्या तरी दुसऱ्या महाविद्यालयाचे काम निम्म्यावर येते. फाईल युनिकोडमध्येच असावी. जुन्या टंकातील फाईल दुसऱ्याच्या संगणकावर नुसती चित्रलिपी होऊन बसते, आणि सीएसव्ही फाईल एक्सेलमध्ये थेट उघडली तरी कधी कधी मराठीच्या जागी चिन्हांचा कचरा दिसतो. तेव्हा फाईल बिघडली असे न समजता ती आयात करताना यूटीएफ-८ निवडावे.

आणखी एक बारीक गोष्ट, जिने माझे दोन दिवस खाल्ले. ‘तऱ्हा’ या शब्दातील अर्धा ऱ दोन वेगवेगळ्या प्रकारे टंकित होतो. डोळ्यांना शब्द एकच दिसतो, संगणकाला मात्र ते दोन शब्द असतात, आणि वारंवारतेचा तक्ता चुकतो. ‘उशी’, ‘ऊशी’ आणि ‘उशि’ ही तर उघड उदाहरणे झाली. मुलांनी लिहिलेले मूळ रूप एका रकान्यात जसेच्या तसे ठेवावे आणि शुद्ध केलेले रूप शेजारच्या रकान्यात लिहावे. मूळ पुसून टाकू नये.

आडनाव_नको

जर्नलच्या प्रश्नावर कुणी बोलले नाही म्हणून लिहितो. मी स्वतः बाह्य परीक्षक म्हणून जातो.

निष्कर्ष बदलून लिहिणे हे प्रात्यक्षिकाच्या मुळावर येणारे आहे, तेव्हा त्यात तडजोड नसावी. प्रसिद्ध झालेले निष्कर्ष पुन्हा मिळत नाहीत या ज्या पेचात मानसशास्त्र गेली काही वर्षे सापडले आहे, तो वाढण्यात अपेक्षित तेच दाखवण्याच्या सवयीचाही वाटा आहे. २०१५ मध्ये अनेक संशोधकांनी मिळून १०० प्रकाशित अभ्यासांची पुनरावृत्ती केली, तेव्हा मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत संख्याशास्त्रीयदृष्ट्या सार्थ (निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही असा) निष्कर्ष असताना पुनरावृत्तीत ते ३६ टक्क्यांतच मिळाले. अर्थात यावरून डीआरएमचा परिणामच खोटा असे कुणी समजू नये. तो शेकडो वेळा, अनेक भाषांत मिळालेला परिणाम आहे. ओसरी मॅडमच्या वर्गात तो आला नाही याचा दोष यादीकडे जातो, आणि ‘झोपाळलेला’ या एका शब्दाने तो दोष उघडही केला आहे.

त्याच वेळी, सहकाऱ्यांची भीती अगदीच निराधार आहे असेही मी म्हणणार नाही. असे परीक्षक मी पाहिले आहेत. त्यावर माझा उपाय असा की अपेक्षित निष्कर्ष, मिळालेला निष्कर्ष आणि तफावतीची कारणमीमांसा या तीन गोष्टी वेगवेगळ्या शीर्षकांखाली लिहून घ्याव्यात. परीक्षकाला जे शोधायचे ते पहिल्या परिच्छेदात सापडते, मुलाला खोटे लिहावे लागत नाही, आणि तोंडी परीक्षेत ‘तुमच्याकडे का आले नाही?’ या प्रश्नावर त्याच्यापाशी स्वतःचे उत्तर असते. एखादी मुलगी ‘सर, शब्दातच झोप होती’ असे म्हणाली तर मी तिला पूर्ण गुण देईन.

प्रयोगानंतर मुलांशी बोलायला विसरू नका. न ऐकलेला शब्द लिहिणारी मुले खट्टू होतात, आपली स्मरणशक्ती अधू आहे असे त्यांना वाटते. हा परिणाम जवळजवळ प्रत्येकात दिसतो, एवढे सांगितले तरी पुरते. आणि फाईल बाहेर देताना नावे, हजेरी क्रमांक काढून टाका. लहान गावात हजेरी क्रमांकावरूनही माणूस ओळखता येतो.

ओसरी

सर्वांचे मनापासून आभार. तिन्ही शीर्षकांची सूचना सहकाऱ्यांनाही मान्य झाली. ‘तिसरे कलम तोंडीला उपयोगी पडेल,’ असे तेच म्हणाले, त्यामुळे वाद मिटला.

काल एसवायच्या वर्गाला शब्द दिले. ‘पेंग’, ‘जांभई’, ‘घोरणे’ आणि ‘अंगाई’ यांच्यापुढे ‘झोप’ भरभरून आले. ‘उशी’पुढेही आले, पण ‘गादी’ने त्याला चांगलीच टक्कर दिली. ‘ग्लानी’पुढे ‘ताप’, ‘आजार’ आणि एका मुलाने ‘धर्म’ लिहिले. गीतेतला श्लोक पाठ असणार. तो शब्द आता गळाला.

सगळ्यांत गंमत ‘अंथरूण’ची. मूळ इंग्रजी यादी ज्या शब्दाने सुरू होते त्याचे भाषांतर म्हणून मी तो पहिल्या क्रमांकावर ठेवला होता, आणि तो सगळ्यांत भक्कम असेल अशी माझी समजूत होती. निम्म्या वर्गाने त्याच्यापुढे ‘पाय’ लिहिले आहे. मला समजायला क्षणभर लागला, मग एका कागदावर ‘पाहून’ असे वाचले आणि हसू आले. अंथरूण पाहून पाय पसरावे! सगळे कागद टंकित करून, हजेरी क्रमांक काढून, येत्या आठवड्यात फाईल खुली करते. ‘खिडकी’ची यादी कुणी करणार असेल तर मला कळवावे, दाराचे मी माझ्याकडे घेते.